वादळवीराला ऐकू कसं आलं नाही?

“हे असं अजिबात चालणार नाही!” तपासनीस बाईंनी पान सहा टेबलावर आपटलं. “वादळवीर बहिरा झालाय का?”

लेखक पेन्सिलीला टोक करत राहिला.

चित्रकथेचा अंक पाच वाजता छापायला जायचा होता आणि साडेतीन वाजून गेले होते. बाई बारा वर्षं या मासिकात एकच काम करत होत्या. वादळवीर काय करू शकतो आणि काय नाही, याची वही ठेवायची. अंक अकरामध्ये त्यानं चालती आगगाडी उचलली आणि बाराव्यात त्याला साधं कपाट हलेना, तेव्हा वाचकांची एकशेतीन पत्रं आली होती. एका मुलीनं तर चक्क आगगाडीचं वजन काढून पाठवलं होतं. बाईंनी एकेकाला उत्तर लिहिलं, माफी मागितली, आणि लेखकाकडून शब्द घेतला की पुन्हा असं होणार नाही. आणि आता हे!

पान सहावर वादळवीर गच्चीत काजळ्या राक्षसाशी लढत होता. खाली घरात त्याची आई छातीला हात लावून त्याला तीनदा हाक मारते. तो जात नाही. पान आठवर काजळ्या हरतो. पान नऊवर आई गेलेली असते.

बाईंनी वही उघडली. “अंक सत्तावन्न. दोन डोंगरांपलीकडे कुणी बंदुकीचा घोडा ओढला, तो याला ऐकू आला. तुम्हीच लिहिलंय! आणि जिन्याखालून आई हाक मारते, ती ऐकू येत नाही? कुणाच्या गळी उतरवायचं हे?”

“उतरेल.”

“उतरेल काय, कप्पाळ! बरं, काजळ्याच्या हातात भोंगा द्या. कानठळ्या बसल्या म्हणू.”

“नको.”

“मग मागच्या अंकातला स्फोट आहे ना? त्यानं कान अजून दुखताहेत. एक ओळ टाका, विषय संपला.”

“कान ठणठणीत आहेत त्याचे.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी चुकलं की हा माणूस ‘चुकलं’ म्हणायचा, हसायचा, खोडून द्यायचा. आज नुसता हटून बसला होता. याचं काय जातंय? पत्रांना उत्तरं द्यायला बाई आहेतच!

“अहो, एक कारण द्या मला. कुठलंही द्या. त्याला ऐकू का आलं नाही, काय सांगू मी लोकांना?”

“आलं होतं.”

“काय?”

लेखकानं पान ओढून घेतलं. तिसऱ्या हाकेनंतरच्या चौकटीत वादळवीर गप्पच होता. लेखकानं त्याच्या तोंडाजवळ एक फुगा काढला आणि त्यात लिहिलं, ‘एवढं संपवतो आणि आलोच.’

बाईंनी वाचलं. परत एकदा वाचलं. वहीशी ताडून पाहायला आता काही उरलं नव्हतं. ताकद, कान, डोळे, सगळं जागच्या जागी होतं. बाईंना ते मुळीच आवडलं नाही.

“वाचक त्याला माफ करणार नाहीत हो,” त्या हळूच म्हणाल्या.

“नाहीच करणार,” लेखक म्हणाला. “आई गेली त्या दिवसापासून माझ्या बहिणीनं तरी मला कुठे माफ केलंय?”