दीड मिलिमीटर

पँट कशीबशी चढली, पण वरचा भाग डोक्यातून घालताना भावजय अडकली. दोन्ही हात वर, डोकं आत आणि काळं रबर खांद्यांवर गच्च बसलेलं. पडद्याआडून तिचा दबका आवाज आला, "वन्सं, जरा आत येता का?"

नणंद बाहेर स्टुलावर बसली होती. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, गणिताची बाई. भावजयीला चाळिशी उलटल्यावर एक भलताच नाद लागला होता, श्वास रोखून समुद्रात खोल उतरण्याचा. दोरीच्या कडेने सरळ खाली आणि तसंच वर. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, काही नाही. आता तिची पहिली स्पर्धा तोंडावर आली होती. भाऊ कामात अडकला, म्हणून पाण्यात घालायचा रबरी सूट घ्यायला सोबत नणंद आली. म्हणायला सोबत. हिला दुकानातला जाडात जाड सूट घ्यायला लावायचा, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती.

शिरल्या शिरल्या तिने एक हेरलाही होता, चांगला गादीसारखा, पाच मिलिमीटरचा. ऊब राहील, आणि एक माप मोठा घेतला तर आत स्वेटरही मावेल. कपडा कसा, वाढत्या अंगाचा घ्यावा. दुकानदार स्वतः पाण्यात उतरणारा होता. तो हसला नाही. त्याने नीट समजावलं, की जाड रबर तरंगतं. मग खाली जायला कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं, आणि परत येताना तेच शिसं जड होतं. इथलं पाणी उबदार आहे, सरावाला आणि स्पर्धेला दीड मिलिमीटर पुष्कळ झालं. मात्र तो कातडीसारखा बसायला हवा. सैल राहिला तर आत पाणी खेळतं आणि माणूस कुडकुडतो.

"तरंगतं ना, मग बरंच की," नणंद भावजयीला म्हणाली. "निदान वर तरी येशील."

"वर यायचंच आहे, वन्सं. पण आधी खाली जायचंय."

मग दीड मिलिमीटरचा सूट घेऊन भावजय पडद्याआड गेली होती आणि नणंद स्टुलावर जाऊन बसली होती.

आता पडदा सारून ती आत गेली. दोघी उभ्या राहिल्या तर तिसरी चिमणी मावणार नाही एवढीशी ती जागा. सूट सरकावा म्हणून दुकानदाराने साबणाच्या पाण्याची बाटली दिली होती, ते पाणी फरशीवरही सांडलेलं. नखं लावू नका, फाटेल, असं त्याने दोनदा बजावलं होतं. नणंदेने बोटांच्या पेरांनी कड धरली आणि ओढली. सूट जागचा हलला नाही. तिने विचारलं, आत श्वास येतोय ना. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

"अहो, दुकानात कात्री आहे का?" तिने पडद्यातून डोकं बाहेर काढून विचारलं.

दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो म्हणाला, कात्री नको, त्यांना फक्त श्वास सोडायला सांगा, छाती भरलेली असेल. तेवढ्यात रबराच्या आतून आवाज आला, "सवय हो, आपोआप धरला गेला. सोडते आता. ओढा."

नणंदेने ओढलं. सूट सर्रकन खाली आला, भावजयीचं डोकं बाटलीच्या बुचासारखं बाहेर उडालं आणि नणंद मागच्या बाकावर आदळली. एकीच्या केसांतून साबणाचं पाणी निथळत होतं, दुसरीचा चष्मा कानावरून लोंबत होता. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात वावरल्या होत्या दोघी, पण एकमेकींना अशा अवतारात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

भावजय आरशासमोर वळली. हात वर केले, खाली वाकली. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही.

"मासळी दिसतेस," नणंद म्हणाली.

"कौतुक आहे की टोमणा?"

"अजून ठरलं नाही." मग चष्मा पुसता पुसता ती हळूच म्हणाली, "भीती वाटते गं मला."

भावजयीने समजूत घातली नाही. तिने नणंदेला उठवलं, तिचा हात धरून स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. श्वास आधी पोटात उतरला, मग बरगड्या रुंदावल्या, मग गळ्याखालची हाडं वर आली. पातळ रबर श्वासाबरोबर ताणत गेलं, नणंदेचा तळहातही वर वर सरकत गेला. आणि सगळं थांबलं.

बाहेर दुकानाचं दार उघडलं, मिटलं. रस्त्यावरून एक गाडी गेली. तळहाताखाली फक्त ठोके होते, सावकाश, एकामागे एक. नणंद आरशात पाहत होती. घरात या कपाळावर कायम पुढच्या कामाची एक आठी असायची. ती आठी आता नव्हती. झोपलेल्या तान्ह्या मुलासारखा चेहरा होता तो.

पाहता पाहता नणंदेचे कान गरम झाले, डोळ्यांपुढे ठिपके नाचले, आणि मोठ्याने हवा ओढत ती धपकन बाकावर बसली.

भावजयीने घाबरून डोळे उघडले. काय झालं, म्हणाली.

"मीसुद्धा धरला होता," नणंद धापा टाकत म्हणाली. "तुझ्याबरोबर. कधी धरला, कळलंच नाही."

भावजयीला हसू फुटलं. सावरायला भिंतीला हात लावला तर पाय साबणावरून सरकला, आणि ती सरळ नणंदेच्या मांडीवर येऊन बसली, ओलीचिंब.

बाहेरून दुकानदाराने विचारलं, ठरलं का, कोणता बांधू?

उत्तर द्यायला दोघींपैकी कुणाकडेच श्वास उरला नव्हता.