खर्र्याचा डोहाळा

"धर तिले, घट्ट धर!" रुख्मिणी बोंबलली, अन् भारतनं बायकोले असं भिंतीशी दाबलं ना, का फळीवरचा जर्मनचा गंज खडखडत खाली आला.

भरदुपारची वेळ. बाजारहत्नूरातलं सारं गाव कापूस वेचाले गेलेलं, आयकाले कोणी नाई. रुपाले सातवा महिना लागलेला, पोट हे एवढं, अन् सासू तिच्या मांडीवर गुडघा रोवून बसली. हातात काय? तं खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना. भारतनं सकाळीच पानठेल्यावर आपल्या अंगठ्यानं घोटलेला, ताजा, नुसत्या वासानं तोंडाले पाणी सुटलं पाह्यजे असा.

आता बायको खर्रा खाते म्हणून नवरा मारते, हे आपण सारेच पाह्यतो. इथं उलटंच राजेहो. तिनं सोडला म्हणून मार!

"खाय न वं!" रुख्मिणी म्हणे. "रातभर तयमयतं, हात कापते तुये, कोणाच्याई अंगावर येतं. थे तू नाई, पोटातलं मांगून राह्यलं! डोहाळा मारला का लेकराचे कान फुटते. पयलं काऊन गेलं? मीच म्हटलं होतं, बाईच्या जातीनं खर्रा खाऊ नोको. मीच मारला त्याचा डोहाळा. मुठीएवढं आलं अन् गेलं माय!"

बोलता बोलता बुढी रडाले लागली, अन् रडता रडताच तिनं सुनेच्या गालात हाणली.

"थे खर्र्यानंच गेलं, आत्याबाई!" रुपा वरडली. "तुमी नाई म्हटलं तरी मी चोरून खाल्ला. पोटात अन्न कमी, खर्रा जास्त. मॅडमनं सांगतलं मले, त्यानंच लेकरू वाढत नाई..."

"मॅडम!" भारतनं तिचं डोस्कं भिंतीवर आपटलं. "त्या मॅडमले लेकरू हाये का एक तरी? आमाले शिकवाले आली!"

मॅडम म्हणजे वृषाली मॅडम, आदिलाबादच्या. सरकारी दवाखान्यात गर्भार बायांले बसवून बोलते, व्यसन सोडवते. रागवत नाई, भेव दाखवत नाई. रुपाले म्हणे, "तलफ आली की एकटीनं कुढत बसू नकोस. पाणी पी. दुसरं काहीतरी चाव, बडीशेप चाव, खोबरं चाव. थोड्या वेळात तलफ आपोआप जाते. दुपारी तुला जास्त होतं ना? दुपारी मी फोन करत जाईन."

तवापासून बडीशेपेची डबी रुपाच्या उशाशी. आता थे डबी रुख्मिणीच्या लाथेनं उपडी झाली होती, बडीशेप साऱ्या घरात सांडली होती.

भारतनं डाव्या हातानं तिचा जबडा दाबला. दात उघडले. रुख्मिणीच्या हातचा खर्रा त्यानं उजव्या हाती घेतला अन् अंगठ्यानं तिच्या गालफडात कोंबाले लागला. चुना झोंबला, तंबाखूचा वास नाकात भरला, अन् सांगू का तुमाले, सारा घात इथंच होता. तिले पाह्यजे होता! मार खाऊन खाऊन नाई, पण त्या वासानं तिची जीभ आपली आपणच पुढं आली. सारं आंग म्हणे, घे, एक डाव घे, हे दोघं तरी सोडतीन.

अन् पोटात लेकरानं लात मारली.

रुपानं दात मिटले.

भारत असा किंचाळला का बाहेरची बकरी दावं तोडाले लागली. थो हात वढते, हे सोडत नाई. थो केस धरून हिसके देते, हे सोडत नाई. रगत तिच्या हनवटीवरून पोटावर टपकलं. सोडलं तवा अंगठ्याचं पेर नुसतं कातड्यावर लोंबत होतं. तिनं थुंकलं. खर्रा अन् रगत, दोनी भुईवर.

"मारून टाकतो तुले!" भारतनं पाय उचलला, सरळ पोटावर.

"पोटावर नोको रे!" रुख्मिणीनं सुनेच्या अंगावर झेप घेतली. लाथ बुढीच्या पाठीत बसली. ठप्प! अन् बुढी तशीच पडून राह्यली, दोनी हात रुपाच्या पोटाभोवती.

तेवढ्यात खाटेवरचा फोन वाजला.

भारत अंगठा धरून दारातच बसला, चुन्यासारखा पांढरा. रुपानं सासूच्या खालून हात काढला, फोन उचलला.

"रुपा? आली होती का गं आज तलफ?"

"आली होती, मॅडम."

"मग? काय केलंस?"

रुपानं दाराकडं पाह्यलं. "चावलं, मॅडम. तुमी सांगतलं तसं."

"शाब्बास! आणि आवाज असा का येतोय?"

ओठ फुटला होता. तलफ कुठंच गेली नोती, तितच बसली होती, घशात.

रुख्मिणी कन्हत उठली. लेकाकडं गेली नाई. खाली बसून, मातीतून एकेक दाणा येचून तिनं बडीशेप पदरात गोळा केली, फुकून साफ केली, अन् डबी भरली. मंग दुरूनच, मारक्या म्हशीपुढं चारा सरकवावा तशी, बोटाच्या टोकानं सुनेकडं सरकवली.