आव्वाचं जोगुळ

पुरानंतरच्या दिवाळीत दानेश्वरीच्या लेकीचं बारसं झालं, ते साल २००५. शाहूपुरीतल्या तिच्या माहेरच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून होती. रंग दिला तरी वर येत होती. त्याच भिंतीजवळ पाळणा टांगला होता. घुगऱ्या शिजून तयार होत्या, बायका जमल्या होत्या, आणि सगळ्या जणी कॉम्प्युटरकडे बघत बसल्या होत्या.

पाळण्याचं गाणं लावायचं ते दानेश्वरीच्या आईच्या, बसव्वाच्याच आवाजातलं, असं तिच्या वडलांनी, चन्नाप्पांनी, धरून ठेवलं होतं. थोरल्या नातवाला झोपवताना बसव्वा कानडी जोगुळ, म्हणजे अंगाई, म्हणायची. मुलगा सोमशेखरनं ते एकदा कॉम्प्युटरवर भरून घेतलं होतं आणि कुणालाही उचलून नेता येईल असं नेटवर मोकळं सोडलं होतं. तो कॉम्प्युटर पुरात गेला. आता नव्यावर सोमशेखर तेच गाणं परत मिळवत होता. कुठल्या तरी एकाच मशीनवर ते उरलं होतं. तिथून थोडं थोडं येत होतं आणि मधेच थांबत होतं.

"कोन हाय त्यो पावना?" शेजारच्या तानाबाईनं विचारलं.

"ठावं न्हाय मावशी. नुसता नंबर दिसतोय. आपल्याकडनंच नेलतं त्यानं कवातरी."

"म्हंजे विरजणागत की. आपलं नासलं, तर ज्याला दिलतं त्याच्याकडनं आनायचं."

"व्हय, तसंच."

"मग हाळी मार की त्याला! पोरगी बिननावाची म्हातारी व्हायची."

बायका हसल्या. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटाजवळ येऊन थांबली होती. सोमशेखरनं हात खाली घेतले.

"त्यानं मशीन बंद केलं वाटतं."

"आप्पा, मी म्हनू?" दानेश्वरी म्हणाली. "मला येतंय आव्वाचं जोगुळ."

"नगं." चन्नाप्पा खुर्चीतून हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तिचं तोंड दिसतंय गं मला. आवाज येत न्हाय. दसऱ्यापासनं आठवतोय, येतच न्हाय."

घुगऱ्यांवरची वाफ विरून गेली.

आणि पट्टी आपोआप पुढे सरकली. भरली.

सोमशेखरनं गाणं लावलं. आधी बाहेरून एक स्कूटर गेल्याचा आवाज आला, मग खोकला, मग बसव्वाचा बारीक आवाज. मागे पाळण्याची कडी कुरकुरत होती. या घरातलीच कडी. तानाबाईनं मान वळवून पाहिलं. समोरचा पाळणा जागचा हलला नव्हता.

गाणं संपलं. सगळ्यांना वाटलं, झालं. सोमशेखरनं हात पुढे केला, तेवढ्यात अगदी जवळून तिचाच आवाज आला,

"झोपलं का बगा की वो."

चन्नाप्पा उठले. पाळण्यापाशी गेले, वाकले, बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून नीट पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे तोंड करून म्हणाले,

"झोपलंय. तू पड आता."

दानेश्वरीनं पदर तोंडावर घेतला. सोमशेखर मशीन बंद करायला वळला आणि थांबला. दुसराच कुठला तरी नंबर त्याच्याकडून ते गाणं न्यायला लागला होता.

"आप्पा, कुनीतरी न्यालंय."

"नेऊ दे. बंद करू नगंस."

बसव्वा त्याच वर्षी, जुलैच्या शेवटच्या दिवशी वारली. रस्त्यावर पाणी होतं, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही.