अडसर कुणी काढला

"मामा, आता तुमचं. त्या पहाटे तुम्ही कुठं होता?"

"हे आधी बंद कर," राजपाल म्हणाला.

पंचशीलानं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. ती राजपालच्या बायकोची भाची. बिदर शहरात मैलूर भागातल्या हायस्कूलवर शिकवते. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे कोण कुठं होतं, हे ती राजपालच्या गावातल्या, मुडबीतल्या म्हाताऱ्यांना विचारून घेत होती. भूकंपाच्या दिवशी, तीस सप्टेंबरला, शाळेतल्या पोरांना ऐकवणार होती. सकाळपासून गावातल्या बुद्धविहाराच्या पायरीवर सहाजणांचं सांगून झालं होतं.

तिप्पण्णानं सगळ्यांना हसवलं होतं. "मला वाटलं बायकोनं लाथ घातली. म्हनलं, आता मी काय केलो?"

त्याची बायको समोरच बसली होती. "घातलीच हुती," ती म्हणाली. "त्याबिगर उठला असतास व्हय?"

राजपालची गोष्ट मात्र गावाला पाठ होती. त्याची बायको विमलबाई तीस वर्षं ती सांगत आली होती. मागची भिंत पडायच्या आत यांनी मला हात धरून बाहेर काढलं. लग्नात सांगायची, बारशात सांगायची, खुरपताना सांगायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची. ते ऐकताना राजपाल खाली बघायचा. लोकांना वाटायचं, साधा माणूस आहे.

विमलबाई जाऊन सात महिने झाले होते. ज्वारीचं पीठ कुठल्या डब्यात असतं, हे राजपालला आता कुठं कळायला लागलं होतं. ती गोष्ट मात्र गावात फिरतच होती. आणि आता ती बिदरच्या शाळेत जाणार होती.

बाकीचे चहाला उठले होते. चन्नव्वा तेवढ्या खांबाला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या. त्यांचं घर राजपालच्या घरासमोर.

"मी तिला काढलं न्हाई," राजपाल म्हणाला. "घर हललं तसा एकटाच पळालो. हाक बी मारली न्हाई. पार आडापर्यंत गेलो. तिथं आठवलं, विमल आत हाय."

"मग?"

"मागं फिरलो. ती अंगणात उभी हुती. तवा धरला तिचा हात."

"आत्या काही बोलली नाही?"

"न्हाई. दुसऱ्या दिवसापासून ती गोष्ट सांगायला लागली. मला वाटलं, मला झाकायलीय. म्हनून मी बी गप बसलो. बोलायचं तसंच ऱ्हायलं."

 सकाळपासून पंचशीला प्रत्येकाला बारीकसारीक विचारत होती. पायात काय होतं, दिवा होता का, कुत्री भुंकत होती का. ती सवय गेली नाही.

"मामा, दार कुणी उघडलं?"

"मीच की."

"कडी होती?"

"अडसर हुता, लाकडाचा. रोज मीच लावायचो. दोन्ही हातांनी उचलाय लागायचा, लई जड."

"मग त्या पहाटे तुम्हीच उचलला?"

राजपाल आठवायला लागला.  त्याला बाज आठवत होती. डोक्यावर गळलेली माळवदाची माती आठवत होती. उंबऱ्याला लागलेली ठेच आठवत होती. त्या अंगठ्याचं नख पुढं महिनाभरानं गळून पडलं होतं. अडसर आठवत नव्हता. तो सरळ बाहेर पडला होता. दार उघडंच होतं.

"आत्या अंगणात होती म्हणालात. तोंड कुणीकडं होतं तिचं?"

"दाराकडं," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, घर पडतंय का बगायलीय."

"घर न्हाई, तुला बगायली हुती."

चन्नव्वांनी डोळे उघडले होते.

"पयली तीच आली, आमच्या कट्ट्यावर. मी म्हनले, राजपाल कुठाय गे? तर तोंडावर मारून घेतली. अक्का, मी एकटीच पळाले, म्हनाली. परत आत जायला निघाली. मी दंड धरले तिचा. माझ्यानं धरवतीय व्हय? सुटून गेली. तू आधीच भाईर पडलेलास, अंधारात आमाला दिसला न्हाईस. तेवढ्यात तू आलास आडाकडनं. तिला वाटलं, तू तिलाच हुडकत फिरायलास."

"तू कधी बोलली न्हाईस, अक्का."

"आण घातली हुती तिनं. आमच्या बसवण्णाची. लई शाणी. तिच्या बुद्धाची घातली असती तर मी कवाच मोडले असते." चन्नव्वा पदरानं तोंड पुसायला लागल्या. "आता ती न्हाई. कुणासाठी पाळू?"

राजपाल पायरीकडं बघत बसला. "तीस वर्सं," तो म्हणाला. "एका ताटात जेवलो."

चहा पिऊन माणसं परत येत होती. तिप्पण्णा लांबूनच ओरडला, "झालं का राजपालचं? विमलला कसं वडून काढला, सांगितला का?"

पंचशीलानं मोबाइल उचलला. हळूच विचारलं, "मामा, काय करू? नको असलं तर राहू दे."

"चालू कर."

सगळे बसेपर्यंत राजपाल थांबला. मग मोठ्यानं म्हणाला, "कुणी कुणाला काढलं न्हाई. आमी दोघं संगंच पळालो."