मी न लिहिलेलं लेबल

त्या दुपारी अलेक्झांड्रियातल्या आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या दुकानात बाबा लिफ्ट चालवण्यासाठी मी लिहिलेला असेंब्ली कोड बघून हसले. "कोडमधल्या टप्प्यांना लेबलं काय, तर एल१, एल२? गल्लीतल्या मांजरांनाही नावं असतात, बाबा!" आमच्याकडे वडील लेकीलाही 'बाबा'च म्हणतात. "कोड अडकला, तर लेबल वाचून कारण कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

आज मी एकटीनेच तो कोड चालवून पाहिला. तो एका लेबलपाशी अडकला: बाबा_जेवलीस_का.

हे मी लिहिलं नव्हतं. लेबल खोडलं, कोड पुन्हा चालवला. कोड तिथेच अडकला. खोडलेल्या जागी आता दुसरंच लेबल होतं: बोल_बाबा_ऐकतोय.

दुकानात कुणीच नव्हतं.

"मला हे काम कधी आवडलंच नाही," मी मोठ्याने म्हणाले. "मी फक्त तुमच्याजवळ बसायला यायचे."