दीड फुटावरची खिडकी

लकवा मारलेल्या बाबांना पडल्यापडल्या भातशेत दिसावं, म्हणून आर्किटेक्ट ऋतिकाने घराच्या नकाशात त्यांच्या खाटेशेजारची खिडकी जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर काढली होती. पण पाया खणण्याआधीच बाबा गेले आणि घर कागदावरच राहिलं. तोच नकाशा एका बिल्डरने परस्पर ढापून कर्जतजवळ वीस बंगले उठवले. "त्या खिडकीचे फोटो आणा, दुसरा पुरावाच नको," तिचे वकील म्हणाले. ती पोचली तेव्हा एकोणीस खिडक्या विटांनी बुजल्या होत्या आणि गवंडी सिमेंट-वाळूचा माल कालवून शेवटच्या खिडकीशी बसला होता. "ही कुनी काढली वो, ताई?" तो हसला. "उभ्या मानसाला हिच्यातून कायच दिसत नाय." "जरा थांबा, दादा," म्हणत ऋतिका खिडकीलगतच्या सिमेंटच्या गोण्यांवर आडवी झाली. पार ओढ्यापर्यंत भातशेत दिसत होतं. मोबाइल पर्समध्येच राहिला. "उठा, ताई," गवंडी हळूच म्हणाला, "माल सुकतोय."