जागेवरचे झाकण

शाळेच्या वाटेवरील उघड्या गटारात पडून थोरल्या मुलाचा पाय कायमचा अधू झाला, तेव्हा आईने नगरपालिकेवर भरपाईचा दावा लावला. "झाकण जागेवरच आहे, मुलगा त्यावरून घसरला," असे उत्तर पालिकेच्या विधी विभागाने न्यायालयात दिले. गटार मात्र तसेच उघडे होते आणि धाकटी रोज त्याच वाटेने शाळेत जात होती. अखेर आई विधी अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, भरपाईचं नंतर बघू, आधी ते झाकण बसवा हो. पोरगी घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

"बाई, दावा चालू असताना झाकण बसवलं, तर आम्ही चूक कबूल केल्यासारखं होईल. बसवू नका, असा सल्ला मीच दिलाय."

"म्हणजे दावा आहे म्हणून झाकण नाही?"

"अगदी बरोबर समजलात."

"मग दावाच मागे घेते. जळो ती तुमची भरपाई!"

वकिलाने परोपरीने समजावले, नवऱ्याने अबोला धरला. तरीही तिने दावा मागे घेतला आणि न्यायालयातून थेट विधी विभाग गाठला.

"घेतला मागे. आता तरी बसवा."

अधिकाऱ्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवले आणि ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले,



"बाई, झाकण जागेवरच आहे, हे आमचं म्हणणं खोडायला आता कोणीच उरलं नाही. असलेल्या झाकणावर दुसरं कसं बसवायचं?"